शहाण्णव दातांचा आरा

पौष वद्य पंचमी, गुरुवार. जवळ रोख पंधरा रुपये. हजर तिघे : मी, माझ्या बायकोचे थोरले भाऊ, आणि अमरावतीच्या लोखंडी सामानाच्या दुकानाचे शेठ. काम एकच, घरच्या सरपणासाठी दोघांनी दोन टोकांना धरून ओढायचा आरा विकत घेणे.

हे इतकं नेमकं लिहून ठेवतो, कारण पुढे माझे मेहुणे चांदूर बाजारात सगळ्यांना सांगत फिरले की आरा जवाईबुवांनी एकट्याने पसंत केला. ते खरं नाही. पसंती दोघांची होती. शेठ तर तेव्हा गल्ल्यावर बसून सुपारी कातरत होते.

आरा घ्यायची वेळ माझ्या बायकोच्या छातीमुळे आली. आमच्याकडे चुलीत जळतात त्या पऱ्हाट्या आणि तुराट्या. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटायची, तूर झोडली की तुराटी रचायची, वर शेणाच्या गोवऱ्या. फुकटचं सरपण, पण पावसाळ्यात ते ओल धरतं. भक्कन पेटतं, लगेच विझतं, आणि बाईला चुलीपाशी बसून फुंकणीने फुंकत राहावं लागतं. मागच्या पावसाळ्यात तिला असा दमा लागला की आडवं पडून झोपता येईना. भिंतीला उशी लावून बसून राहायची. श्रावणात तिला अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "औषध मी देतो. धूर तुम्ही बंद करा. असा आणखी एक पावसाळा यांना झेपणार नाही."

यावर विचारायचं काही उरलं नव्हतं. चूल तर बंद करता येत नाही. रॉकेल लढाईमुळे कुपनावर, तेही कंदिलाला पुरत नव्हतं. राहिला उपाय एकच, जाड लाकूड, फोडून, उन्हात खडखडीत वाळवलेलं. मी हिशेब केला. रोज आठ शेर धरलं तर चार महिन्यांना नऊशे साठ शेर, म्हणजे चोवीस मण. वखारीत भाव मणाला सव्वा रुपया झाला होता, आणि वखारीतलं लाकूड ओलं. ओल्या लाकडाचं वजन म्हणजे पाण्याचं वजन. पाणी विकत घेऊन तेच चुलीत घालायचं आणि पुन्हा धूर काढायचा, यात अर्थ नव्हता.

लाकूड घरचं होतं. आश्विनातल्या वादळात आमच्या संत्र्याच्या बागेच्या कडेची, नाल्याकाठची जुनी बाभूळ मुळासकट आडवी झाली होती. खोडाचा घेर साडेचार हात, सरळ लांबी चौदा हात. बाभळीसारखा विस्तव दुसऱ्या लाकडाचा नाही. फांद्या मी कुऱ्हाडीने उतरवल्या. खोडाला मात्र कुऱ्हाड पुरेना. कापणारी माणसं मिळत नव्हती, कारण जे कोणी आरा ओढणारे होते ते सगळे लढाईच्या ठेकेदारांनी धारणीच्या जंगलात नेले होते. तेव्हा आपणच आरा घ्यावा आणि आपणच ओढावा असं ठरलं. मृग लागण्याआधी लाकडाला तीन महिने ऊन मिळायला हवं, म्हणजे फाल्गुन शुद्धात कापणी संपलीच पाहिजे. माझ्या हातात दीड महिना होता.

मेहुण्यांना बरोबर घेतलं कारण ते वस्तू पारखण्यात हुशार. खरं तर बैल पारखण्यात. चांदूर बाजारच्या बैलबाजारात त्यांनी बैलाचा ओठ वर केला की भोवती माणसं जमतात. दोन दाती, चार दाती, सगळे दात भरून जुळलेला, म्हातारा, बोटाने नुसतं चाचपून सांगतात, आणि चुकत नाहीत. अमरावतीला जाताना मोटारीत, कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार तीन ठिकाणी थांबली तेवढ्या वेळात, त्यांनी मला चारदा बजावलं, "तुमी बोलू नका जवाईबुवा. तुमी बोलता आन् भाव चढते. मले पाहू द्या."

शेठच्या दुकानात दोनच आरे होते. लढाईमुळे नवा माल येत नव्हता. पहिला विलायती, जुना, काळपट, कुठल्याशा जंगल ठेकेदाराने मोडीत काढलेला. किंमत नऊ रुपये बारा आणे. दुसरा देशी, कोरा, तेल लावून कागदात गुंडाळलेला, आरशासारखा चकचकीत. किंमत साडेबारा रुपये. लांबी दोन्हींची सारखीच.

मेहुण्यांनी जुना आरा उजेडाला धरला आणि पात्यावरून अंगठा फिरवला. चार दात, मग एक मोकळी खाच आणि तिच्यात एक बुटका, दुभंगलेला दात. पुन्हा चार दात, पुन्हा तशीच खाच. टोकापर्यंत असंच.

"अरे बापा," ते म्हणाले, "याचे त दात पडले! हे पाहा, हे पाहा. फटीच फटी. शेठजी, बुढा बैल काहून दाखवून राहिले आमाले?"

शेठनी सुपारीवरून मान वर केली. "भाऊ, वो ऐसाच आता है. जंगलवाले वहीच मांगते."

"मांगत असन. जंगलवाल्याले दुसरा मिळत नसन." मग नव्याच्या पात्यावरून हात फिरवून मेहुणे माझ्याकडे वळले. "हा पाहा. जुळलेला हाय. एक दात इकडचा तिकडं नाही."

मला हे पटलं. पण नुसत्या पटण्यावर मी पैसे देत नाही. मी दोन्ही आऱ्यांचे दात मोजले. नव्याचे शहाण्णव. जुन्याचे, बुटके धरून, बावन्न. नव्याचे दोनशे आणे भागिले शहाण्णव, म्हणजे दाताला दोन आणे एक पै. जुन्याचे एकशे छप्पन्न आणे भागिले बावन्न, म्हणजे दाताला बरोबर तीन आणे. कापायचं काम दात करतात. तेव्हा महाग वाटणारा आरा दातामागे अकरा पैंनी स्वस्त होता, आणि वर कोरा. मी शेठना हे सांगितलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"हिसाब तो सही है," ते म्हणाले. "लेकिन साहब, लोहा एक बार गया तो वापस नहीं लेता. अभी बोल देता हूँ."

आणखी काय सांगायला हवं होतं त्यांनी? दोनदा सांगितलं. मी साडेबारा रुपये मोजून दिले.

माघ शुद्ध द्वितीयेला सकाळी काम सुरू केलं. पहिली चार बोटं आरा छान गेला. मेहुणे म्हणाले, "पाहा, लोण्यात सुरी." मग तो जड झाला. मग थांबला. ओढला तर येईना, ढकलला तर वाकू लागला. बाहेर काढला तर दातांच्या सगळ्या फटी ओल्या भुशाने गच्च बुजलेल्या, जणू कणीक भरली आहे. काडीने एकेक फट कोरून काढली. पुन्हा घातला. दहा ओढींत पुन्हा गच्च.

मेहुणे म्हणाले, वजन कमी पडतं. आम्ही वखर हाकणारी माणसं. वखराची पास, म्हणजे त्याचं पातं, जमिनीत जात नसली तर वखरावर भार द्यायचा, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आम्ही दोघंही आऱ्यावर रेललो. भार दिला की आरा ओढला जाईना, ओढला गेला की पातं नागासारखं वळवळे. मी ढकलायचो तेव्हा ते ढकलायचे. मग एकमेकांना शिव्या.

"अहो भाऊ, सोडा ना तिकडून!"

"मी काय धरून बसलो? तुमीच लोंबकळून राहिले!"

दिवस मावळताना मी काडी घालून माप घेतलं. सात अंगुळं. ठोकळे हातभर लांबीचे करायचे तर काप तेरा घालायचे होते, आणि पहिल्या कापाचा तिसरा भागही झाला नव्हता. या वेगाने तेरा कापांना पन्नासावर दिवस लागले असते, तेही आम्ही दोघं जिवंत राहिलो तर. रस्त्याने जाणारे बांधावर थांबायचे. एकाने विचारलं, "काय जी, आरा कापून राहिला का तुमी आऱ्याले कापून राहिले?" मी काडीने फट कोरत राहिलो. पण ते वाक्य संध्याकाळी जेवतानाही डोक्यात होतं.

बायकोने पानावर भाकरी वाढली आणि म्हणाली, "किती झालं?"

"सात अंगुळं."

"दोघं मिळून?"

मेहुणे समोरच जेवत होते. ते म्हणाले, "लाकूड लय चिवट हाय वं बाई."

"असन," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून खोकली. तो खोकला लहानसाच होता. पण मी त्या रात्री भाकरी अर्धीच खाल्ली.

पुढे पंधरा दिवसांत तीन काप झाले. तिसऱ्या कापात आरा असा अडकला की खोडाने दोन्ही बाजूंनी त्याला चिमटीत धरलं. कुऱ्हाडीने लाकूड फोडून तो सोडवावा लागला. दात बोथट झाले म्हणून लोहाराकडे नेला. त्याने कानस घेऊन सगळे दात एका उंचीचे, एका रेषेत करून दिले आणि बारा आणे घेतले. तो खुरपी, विळे आणि कुऱ्हाडीचा माणूस. त्याच्या दृष्टीने धार म्हणजे सरळ रेष. त्यानंतर आरा लाकडावरून नुसता घसरू लागला. माघ असाच संपला. मेहुणे हरभरा सोंगायला म्हणून आपल्या गावी निघून गेले. जाताना म्हणाले, "आरा चांगला हाय. तुमाले ओढता येत नाही."

फाल्गुन शुद्ध सप्तमीला मी एकटाच अमरावतीला गेलो. आरा परत घ्यायला नव्हे, शेठ घेणार नाहीत हे ठाऊक होतं. जुना आरा वेगळे पैसे देऊन घ्यावा, एवढा मी खाली आलो होतो. तर तो विकला गेला होता. "अकोले का एक टालवाला ले गया," शेठ म्हणाले. "आठ दिन भी नहीं टिका." त्यांनी मला टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

तसाच बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेलो, काखेत पोत्यात गुंडाळलेला आरा. डब्यात दोघांनी विचारलं, बाजा आहे का. अकोल्यात स्टेशनामागच्या टालांत, म्हणजे लाकडाच्या वखारींत, विचारत विचारत तिसऱ्या वखारीत तो सापडला. एक नवरा-बायको तो ओढत होते. धारणीकडची माणसं, चाळिशीची, बारीक चणीची. समोर निंबाचं ओलं खोड. दोघं गप्पा मारत होते, हसत होते, आणि आरा त्यांच्यामध्ये झोक्यासारखा जात-येत होता. खाली भुसा नव्हता, शेवयांसारख्या लांब लांब दोऱ्या पडत होत्या. मी उभा राहिलो तेवढ्यात काप आरपार झाला. घड्याळ पाहिलं होतं. चौदा मिनिटं.

मी वखारवाल्याला आरा विकत मागितला. तो म्हणाला, वीस रुपये दिले तरी देणार नाही. मग मी त्या कापणाऱ्याला माझा आरा दाखवला. त्याने पातं डोळ्यासमोर धरून लांबीवर नजर टाकली आणि बायकोच्या हातात दिलं. तिने पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"काहून हसता बाई?" मी म्हणालो.

"हसत नाही बाबूजी," ती म्हणाली. "याले तोंडच तोंड हाय, पोट कुठं हाय? खाल्लेलं ठेवन कुठं?"

मग तिच्या नवऱ्याने मला जुन्या आऱ्याजवळ बसवून एकेक गोष्ट बोटाने दाखवली. चार दात लाकूड चिरतात. दुभंगलेला बुटका दात चिरलेलं खरवडून उचलतो. मोकळ्या खाचेत ते साठतं आणि आरा बाहेर आला की खाली पडतं. सुकं, बारीक लाकूड असेल तर माझ्यासारखा आराही चालतो. ओल्या, जाड खोडात चालत नाही. ज्या फटी आम्ही पडलेल्या दातांच्या समजलो, त्या कुणीतरी मुद्दाम पाडलेल्या होत्या. मी बावन्न दात मोजले आणि त्यांच्यामधली जागा मोजलीच नाही. एवढा मोठा माणूस, घरात दोन पिढ्यांच्या वह्या ठेवणारा, आणि ही गोष्ट मला लाकडाच्या भुशात उकिडवं बसून कळली. संताप आला. मेहुण्यांचा आला, लोहाराचा आला, शेवटी ज्याचा यायला पाहिजे त्याचा आला.

"याचं काही होते का?" मी विचारलं.

तो म्हणाला, "होते. पण दात पाडाव लागन."

"कोणते?"

"चार ठेवले का पाचवा."

शहाण्णवात एकोणीस. दोन आणे एक पै दराने विकत घेतलेले एकोणीस दात. मी तोंडाने हिशेब केला नाही, पण तो झाला. म्हणालो, पाडा.

त्याने खडूने खुणा केल्या. दुपारी वखारीचं काम थांबलं तेव्हा ऐरणीवर छिनी धरून त्याने एकेक दात उडवला आणि खाचा कानशीने गोल केल्या. मग उरलेले दात एक डावीकडे, एक उजवीकडे, केसभर वाकवले, म्हणजे काप पात्यापेक्षा रुंद पडावा. तो हे करत असताना त्याच्या बायकोने मला त्यांच्या जुन्या आऱ्याचं एक टोक धरायला दिलं. मी सवयीने रेललो. तिने हात सोडून दिला.

"दाबू नका. ढकलू बी नका. तुमी आपल्याकडं ओढा, मंग सोडा. मी माझ्याकडं ओढीन. बस." थोड्या वेळाने पुन्हा, "बाबूजी, सोडा म्हटलं ना! सोडाले इतकं जड काहून जाते तुमाले?"

घाम निथळेपर्यंत तिने मला सोडायला शिकवलं. वर सांगितलं की खोडाखाली ओंडका घालून उचलून घ्या, कापात लाकडाची पाचर ठोका, आणि पात्याला जवसाचं तेल लावत जा. मी मजुरी विचारली. नवरा म्हणाला, "आता नको. नाही चालला त तुमी मनात शिव्या द्यान. पावसाचं पाणी संपलं का या अकोल्याले. बाई बरी असन त द्या." बायकोच्या दम्याचं मी त्याला कधी सांगितलं ते मला आठवत नाही. बोलण्याच्या ओघात सांगितलं असेल.

मेहुण्यांना निरोप धाडून बोलावलं. आरा पाहून त्यांनी खाचांवरून अंगठा फिरवला. "जवाईबुवा, हे काय केलं? जुळलेल्या बैलाचे दात पाडून आणले!" मी म्हणालो, ओढा, आणि मी ओढलं की सोडा. सोडायला त्यांना माझ्यापेक्षा दोन दिवस जास्त लागले. पण उरलेले दहा काप, एकेक काप तास-सव्वा तासाचा, आम्ही पूर्ण केले. ठोकळे फोडून झाले तेव्हा चैत्र शुद्ध दशमी होती. ठरवलेल्या दिवसापेक्षा महिना उशीर झाला होता.

तो महिना पुढे दिसला. आषाढभर वरचं, बारीक फोडलेलं लाकूड जळलं. ते धडधड पेटलं, आणि बायको चुलीपाशी पाठ टेकून बसायची, फुंकणी कोपऱ्यात. श्रावणात आतल्या जाड गाभ्याचे तुकडे लागले. ते पुरते वाळले नव्हते. आठ दिवस धूर झाला, आणि आठ दिवस ती पुन्हा भिंतीला उशी लावून बसली. मी ते तुकडे वेगळे काढले, चुलीच्या मागे रचून शेकवले, मग जाळले. ती बरी झाली. भाद्रपदात आडवी झोपत होती. पण ते आठ दिवस माझे होते, दुसऱ्या कुणाचे नाहीत. माघात जो महिना मी दातांच्या संख्येवर घालवला, त्यातले ते होते.

कार्तिकात संत्र्यांच्या पाट्या घेऊन अकोल्याला गेलो. नवरा-बायको त्याच वखारीत होते. त्याने आधी विचारलं, "बाई?" मी म्हणालो, बरी आहे, आज सकाळी तिनेच भाकरी बांधून दिली. मग मजुरी विचारली. तो म्हणाला, अर्धा दिवस गेला होता, बारा आणे द्या. बारा आणे त्याला दिले. आठ आणे त्याच्या बायकोला, ओढायला शिकवल्याबद्दल. ती नको म्हणाली, मी तिच्या हातावर ठेवले.